‘दार कुरकुरतं’ हेही लिहा

घेणं-देणं : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची होती: घरातलं वापरलेलं सामान ऑनलाइन जाहिरात देऊन विकायचं कसं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर मी सत्तावीस वर्षं बसले. लोक मजकूर लिहून आणायचे, मी शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, पावती फाडायचे. आता तेच लोक ओएलएक्स, क्विकर, फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात टाकतात. मध्ये मजकूर वाचणारं कुणी राहिलं नाही, म्हणून हे सदर मी मनापासून लिहिते.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. चार खोल्यांचं घर सोडून मुलीच्या इमारतीत वन बीएचकेत राहायला जातोय. सागवानी पलंग, लोखंडी कपाट आणि सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल विकायचं आहे. ऑनलाइन टाकून दोन महिने झाले. ‘अव्हेलेबल आहे का?’ आणि ‘लास्ट किती?’ एवढेच मेसेज येतात, माणूस एकही आला नाही. जाहिरात सोबत जोडली आहे. आमचं काय चुकतंय?
(एक आजोबा, चिंचवड)

उत्तर : काका, तुमची जाहिरात वाचली. ‘उत्तम स्थितीतील घरगुती फर्निचर विकणे आहे. किंमत बोलून ठरवू. दलाल क्षमस्व.’ फोटो एकच. त्यात पलंगावर गाद्यांचा ढीग, मागे कपाटाची अर्धी कड, टेबल कुठेच नाही. ही भाषा आमच्या खिडकीवरची आहे. तेव्हा प्रत्येक शब्दाला पैसे पडायचे म्हणून ‘उत्तम स्थितीतील’ या दोन शब्दांत सगळं उरकावं लागायचं. आता शब्दांना पैसे पडत नाहीत, तर लिहा ना सविस्तर!

पहिलं म्हणजे तीन वस्तूंच्या तीन जाहिराती करा. ज्याला कपाट हवंय तो ‘कपाट’ असंच शोधतो, ‘घरगुती फर्निचर’ असं शोधत नाही.

मग टेप घ्या. उंची, रुंदी, खोली तिन्ही मापं इंचांत लिहा. पलंग सुटा होतो का, नट-बोल्टचा आहे की खुंट्यांचा, हे लिहा. कपाट तुमच्या लिफ्टमध्ये मावतं का ते मोजून बघा. घेणारा फक्त वस्तूची किंमत धरत नाही. टेम्पोचं भाडं, दोन हमाल, तुमचा मजला आणि त्याचा मजला, असं सगळं तो मनात धरतो. यातली एक गोष्ट कळली नाही तरी तो ‘लास्ट किती’ विचारून गप्प होतो. त्याला घासाघीस करायची असतेच असं नाही. एवढा खर्च करून यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नसतं.

फोटो सकाळी नऊ-दहाला काढा, खिडकीतून उजेड येतो तेव्हा. ट्यूबलाइट बंद ठेवा, तिच्या उजेडात सागवानाचा रंग मेल्यासारखा दिसतो. गाद्या उतरवा, नुसता पलंग दिसू द्या. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक जोडांचा जवळून. कपाटाच्या आरशासमोर तिरकं उभं राहा, नाहीतर आरशात तुम्ही, देवघर आणि मागची तिजोरी असं सगळं घर जगाला दिसतं. दारावरची नावाची पाटी फोटोत येऊ देऊ नका.

किंमत लिहाच. ‘बोलून ठरवू’ वाचलं की निम्मे लोक पुढे सरकतात. चिंचवड, निगडी, वाकड या भागांतल्या तशाच वस्तूंच्या जाहिराती आठ-दहा दिवस बघत राहा. ज्या लवकर निघून जातात त्यांची किंमत खरी समजा, महिनोन् महिने लटकलेल्यांची नाही. आणि याखाली द्यायचं नाही असा आकडा तुम्ही दोघांनी मिळून एका कागदावर आधीच लिहून ठेवा. माणूस दारात उभा असताना नवरा-बायकोने एकमेकांकडे बघायला लागलं की किंमत घसरते, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खूप वर्षांपूर्वी एक गृहस्थ कपाटाची जाहिरात घेऊन खिडकीवर आले. मजकुरात होतं, ‘उजवे दार कुरकुरते’. मी म्हटलं, हे दोन-तीन शब्द काढा, पैसे वाचतील. ते म्हणाले, “राहू द्या. लांबून आलेला माणूस दार उघडून परत जायला नको.” रविवारी जाहिरात छापून आली, सोमवारी ते पेढे घेऊन आले. पहिल्याच आलेल्या माणसाने कपाट नेलं होतं. जाताना तो म्हणाला म्हणे, की दाराचं सांगितलंत म्हणजे बाकीचंही खरं असणार.

मी हे कानाने ऐकलं होतं, पण अंगवळणी पडायला माझी स्वतःची चूक व्हावी लागली. २०१९ मध्ये कोथरूडचं घर बदलताना मी समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन विकलं. दाराच्या रबराला खालच्या बाजूला बोटभर चीर होती. कपडे कमी घातले तर पाणी यायचं नाही, म्हणून मी लिहिलं नाही. एका नव्याने संसार मांडलेल्या जोडप्याने ते नेलं. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. रागावली नव्हती. म्हणाली, “काकू, स्वयंपाकघरात पाणी झालं, खालच्या बाईंच्या छताला ओल आली.” मी रबराचे आणि मेकॅनिकचे पैसे दिले. त्या मुलीने विश्वास टाकला होता आणि तो मी वाया घालवला, हे अजून मनात आहे. तेव्हापासून मी कुणालाही दोष लपवायचा सल्ला देत नाही.

तुमच्या कपाटासाठी मी लिहिलं असतं ते असं:

‘लोखंडी कपाट, दोन दारी. उंची ७८ इंच, रुंदी ३६, खोली १९. आत लॉकर, दोन्ही किल्ल्या आहेत. २००४ मध्ये नवीन घेतलं. खालच्या डाव्या कोपऱ्याला तळहाताएवढा गंज, फोटो क्रमांक ४ बघा. चौथा मजला, लिफ्टमध्ये मावत नाही, जिना रुंद आहे. रु. ६,५००, थोडंफार कमी-जास्त होईल. बघायला शनिवार-रविवार, सकाळी १० ते १.’

माप, साल आणि गंज तुमच्या कपाटाचे घाला. ‘आम्ही ज्येष्ठ नागरिक आहोत’, ‘दोघंच असतो’ हे मात्र जाहिरातीत कधीच घालू नका. पूर्ण पत्ता यायची वेळ ठरल्यावरच द्या, आणि त्या वेळी मुलीला किंवा शेजाऱ्यांना घरात बसवून ठेवा. महिनाअखेरीला भाड्याची घरं बदलतात, तेव्हा गिऱ्हाईक वाढतं. २० तारखेच्या सुमारास जाहिरात पुन्हा नव्याने टाका.

प्रश्न : मुलाचं अभ्यासाचं टेबल ३,५०० रुपयांना ऑनलाइन टाकलं होतं. अर्ध्या तासात फोन आला. देवळालीला लष्करात पोस्टिंग आहे म्हणाले, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. किंमत मान्य, माणूस टेबल न्यायला येईल, पैसे आत्ताच पाठवतो म्हणाले. आधी दोन रुपये पाठवले, ते खरंच आले. मग क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील’ असं सांगितलं. माझ्याच खात्यातून ३,५०० गेले. ‘चूक झाली, दोन्ही मिळून परत करतो’ म्हणून दुसरा कोड दिला, ७,००० गेले. पुन्हा ७,५००. एकूण १८,००० गेले. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. पैसे मिळतील का?
(एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, तुमचा ई-मेल आला त्याच संध्याकाळी मी तुम्हाला कळवलं की आधी १९३० वर फोन करा. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते, कारण अशी आणखी तीन पत्रं माझ्यासमोर आहेत.

१९३० ही सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन आहे. तक्रार नोंदवली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवता येते. चोर ती भराभर पुढच्या खात्यांत सरकवत असतात, म्हणून इथे एकेका तासाला किंमत आहे. रडत बसण्यात, नवऱ्याला कसं सांगू या विचारात रात्र गेली तर तेवढं अंतर वाढतं. फोन करताना हाताशी ठेवा: तुमचा खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख-वेळ-रक्कम आणि यूपीआयच्या तपशिलात दिसणारा बारा आकडी संदर्भ क्रमांक. तीन व्यवहार झाले असतील तर तीनही क्रमांक द्या. मग तीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण भरा आणि बँकेलाही लेखी कळवा, पोच घ्या. त्या माणसाशी झालेलं संभाषण, क्यूआर कोड, ओळखपत्राचा फोटो काहीही पुसू नका. राग आला तरी त्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पैसे नक्की मिळतीलच असं मी सांगणार नाही, तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. पण तक्रार केल्याशिवाय मिळण्याचा मार्गच नाही.

हे घडतं कसं, ते समजून घ्या. आपण वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर चिकटवलेला चौकोन स्कॅन करतो, पिन टाकतो आणि पैसे वाण्याला जातात. चोराने पाठवलेला चौकोन तोच आहे, फरक इतकाच की त्यात वाण्याच्या जागी चोराचं नाव आणि आधीच भरलेली रक्कम आहे. क्यूआर कोड म्हणजे ‘मला इतके द्या’ असं लिहिलेली चिठ्ठी. पैसे येताना आपल्याला काहीच करावं लागत नाही. स्कॅन नाही, पिन नाही, लिंक नाही. ते दोन रुपये आले तेव्हा तुम्ही पिन टाकला होता का? नाही ना. बस, तेवढंच धरून ठेवा.

पूर्वी हे चोर यूपीआयवरून थेट पैशांची मागणी पाठवायचे आणि माणूस ‘जमा होतायत’ समजून होकार द्यायचा. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ते बरंच झालं. पण क्यूआर कोडचा रस्ता उघडाच आहे. खोट्या पावतीचाही आहे. दारात येऊन मोबाइलवर ‘पेमेंट सक्सेसफुल’ दाखवतात, मेसेजही पाठवतात, आणि खात्यात काहीच आलेलं नसतं. वस्तू टेम्पोत चढवायच्या आधी स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन शिल्लक बघा. आलेल्या मेसेजवर जाऊ नका. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ हा त्याच माळेतला मणी. शिल्लक बघितल्याशिवाय एक रुपया परत करायचा नाही.

देवळालीचं नाव त्याने तुमच्या जाहिरातीतलं ‘नाशिक’ वाचून घेतलं. लष्कराचा आपल्याला आदर असतो, तोच त्याने वापरला. आणि एक खूण सगळ्यांनी लक्षात घ्या: त्याने टेबलाची लांबी विचारली नाही, ड्रॉवर आहे का विचारलं नाही, घासाघीस केली नाही. ज्याला टेबल हवं असतं तो आधी ते बघायला मागतो.

घरी सांगा, ताई. पोलिसांचा किंवा बँकेचा फोन येईल तेव्हा तुम्ही एकट्या पडू नका. तुम्ही घरातला पसारा कमी करून चार पैसे उभे करत होतात, तुम्ही कुणाचं काही वाईट केलेलं नाही. चोरी त्याने केली आहे.

प्रश्न : जुनं सामान विकून साधारण ऐंशी हजार येतील. त्यावर आयकर लागतो का?
(एक निवृत्त शिक्षक, अमरावती)

उत्तर : घरात स्वतःच्या वापरात असलेलं फर्निचर, भांडी, कपडे, फ्रीज-टीव्ही या वैयक्तिक चीजवस्तू आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. सोन्या-चांदीचे दागिने, चित्रं, शिल्पं, पुरातन वस्तूंचे संग्रह यांना ही सवलत नाही. रक्कम खात्यात येणार असेल तर कुठली वस्तू किती रुपयांना दिली याची एक यादी वहीत ठेवा.

प्रश्न : मार्चमध्ये माझी स्कूटर ऑनलाइन जाहिरातीवरून विकली. रोख पैसे मिळाले, आरसी बुक, किल्ल्या सगळं दिलं. घेणारा म्हणाला, ‘नावावर मी करून घेतो.’ आता कोल्हापुरातल्या सिग्नलचे ई-चलन माझ्या मोबाइलवर येतात. फोन उचलत नाही.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : दादा, चलनाचे पैसे ही यातली छोटी बाब आहे. उद्या त्या स्कूटरने कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाईसाठी नोंदणीवर ज्याचं नाव त्यालाच धरतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी प्रत्यक्ष कुणाच्याही हातात गेली असो, नोंदणीवरचा मालक तोच मालक.

म्हणून आज हे करा. गाडीच्या नोंदीत अजून कुणाचं नाव आहे ते एम-परिवहन अ‍ॅपवर बघा. तुमचंच असेल तर घेणाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि त्याची प्रत जोडून सांगलीच्या आरटीओत लेखी कळवा की अमुक तारखेला गाडी अमुक माणसाला विकली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यायची असते. तुमची मुदत उलटली आहे, तरी उशिरा दिलेली खबर न दिलेल्या खबरीपेक्षा बरी. पोलीस ठाण्यात अर्ज द्या. जाहिरातीवर झालेलं बोलणं जपून ठेवा, तारीख सिद्ध करायला तेच उपयोगी पडेल.

बाकीच्यांनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे नमुने २९ आणि ३० भरून, दोघांच्या सह्या होऊन, अर्ज दाखल झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. देताना एका कागदावर तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी. वेळ लिहायची, नुसती तारीख नाही. अपघात सकाळी झाला की संध्याकाळी, यावर सगळं अडतं.

प्रश्न : पाइपचा गॅस आला. दोन सिलिंडर, रेग्युलेटर आणि शेगडी एकत्र विकता येईल का?
(कल्याण)

उत्तर : शेगडी विका, ती तुमची आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर तुमचे नाहीत, अनामत भरून वापरायला मिळालेले आहेत. एजन्सीत जोडणी परत करा, घेताना मिळालेली अनामतीची पावती दाखवा आणि ती रक्कम परत घ्या. अशा जाहिराती सर्रास दिसतात, पण ते बेकायदा आहे आणि घेणाऱ्याच्या घरात स्फोट झाला तर नाव तुमचं निघेल.

प्रश्न : नवा फोन घेतला, जुना विकायचाय. फॉरमॅट केला की झालं ना?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बाळा, क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोनमधून गूगल खातं बाहेर काढ (आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद कर), मग फॅक्टरी रीसेट कर. उलट केलंस तर फोन सुरू होताना तुझाच पासवर्ड मागतो आणि घेणारा रात्री बाराला तुला फोन करतो. त्याआधी यूपीआय अ‍ॅपमधून खातं काढून टाक, सिम आणि मेमरी कार्ड काढून घे. बिल आणि खोका दिलास तर चांगली किंमत येते, कारण चोरीचा माल नाही हे त्याला पटतं. तू स्वतः जुना फोन घेणार असशील तर *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बघ आणि ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा मेसेज १४४२२ वर पाठव. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं.

प्रश्न : साताऱ्याजवळचं सासरचं घर रिकामं करतेय. तांब्याचा बंब, घंगाळ, सात पितळी डबे, पाटा-वरवंटा आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक, तीत हाताने लिहिलेल्या पोथ्या. जाहिरात टाकली तर सगळे किलोचा भाव विचारतात. डब्यांवर सासूबाईंचं नाव आणि लग्नाची तारीख घातलेली आहे. ते विकावेत की नाही, हाच निर्णय होत नाही. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या आईच्या ताटावर असंच टिंबाटिंबांनी नाव घातलेलं आहे, त्यावर बोट फिरवलं की अक्षरं लागतात. त्यामुळे तुम्हाला ‘भावनेत अडकू नका’ असं मी सांगणार नाही.

पोथ्यांपासून सुरुवात करू. त्या जाहिरातीत टाकूच नका. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली येऊ शकतात. शिवाय घरातल्या पोथीत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तिची किंमत ना तुम्हाला कळेल ना भंगारवाल्याला. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (स्थापना १९१७) इथे हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. तिथे चौकशी करा. तोपर्यंत ट्रंक जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा. पोथ्यांना कीटकनाशक मारू नका, उन्हात वाळवू नका, सुती फडक्यात सैल बांधा.

आता बंब आणि घंगाळ. किलोचा भाव विचारणारा मोड घेतो, वस्तू घेत नाही. त्याला नाही म्हणा. बंबाचं खरं गिऱ्हाईक वेगळं आहे: गावाकडे घर बांधणारे, जुन्या पद्धतीची जेवणाची ठिकाणं चालवणारे, अंगणात किंवा दिवाणखान्यात ठेवायला घेणारे. त्यांच्यासाठी जाहिरात लिहायची तर आधी बंब तपासा. संध्याकाळी त्याच्याखाली वर्तमानपत्र पसरा, काठोकाठ पाणी भरा आणि तसाच राहू द्या. सकाळी कागद कोरडा असेल तर ‘गळत नाही, रात्रभर भरून पाहिला’ असं लिहा. ओला असेल तर कुठे ओला आहे ते बघा: तोटीखाली की बुडाला. तोटी बदलता येते. बूड गेलं असेल तर ‘शोभेसाठी’ असं स्पष्ट लिहा आणि किंमत त्याप्रमाणे धरा. मधल्या नळीत निखारे पडायचे, ती नळी, खालची जाळी आणि वरचं झाकण, सगळे भाग जागेवर आहेत का, तेही बघा. दुरुस्ती करायचीच असेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हाताने तांबं ठोकणारे कारागीर आहेत.

फोटोसाठी चिंच-मीठ लावून सगळं लखलखीत करू नका. धूळ पुसा, एवढंच. घंगाळाच्या कड्या जवळून दाखवा. ठोक्यांच्या खुणा तिरक्या उजेडात उठून दिसतात, त्या दिसल्या की हाताने घडवलेलं आहे हे न सांगता कळतं. डब्यांच्या आत कल्हई उरली आहे का ते लिहा. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवत नाहीत, आणि हे आजच्या पोरींना ठाऊक असतंच असं नाही. तुम्ही लिहिलंत तर कुणाच्या पोटाला त्रास होणार नाही.

पाटा-वरवंटा विकायच्या भानगडीत मी पडले नसते. तो न्यायचा म्हणजे टेम्पो आणि दोन माणसं, आणि हाती काही फार येत नाही. गावातच कुणाकडे रोज वाटण होत असेल तिथे द्या, दगडाला टाकी लावून घ्यायला सांगा.

राहिले डबे. विकू नका असं मी म्हणणार नाही आणि विकाच असंही नाही. नावासकट वस्तू दुसऱ्या घरी जाते यात सासूबाईंचा अपमान होत नाही, असं मला वाटतं. आपल्याकडे आहेरात, वाटणीत, मोडीत नाव घातलेली भांडी घरोघर फिरलेलीच आहेत. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एका अनोळखी बाईंच्या नावाचा तांब्या घेतला, रोज देवाला त्यानेच पाणी घालते, आणि त्या कोण असतील हे कधीतरी मनात येतं. पण दीड वर्ष हा काळ थोडा आहे. घर रिकामं करायची तारीख ठरलेली असेल तर एक मधला मार्ग सांगते. ज्या डब्यावर लग्नाची तारीख सगळ्यात स्पष्ट आहे तो एक ठेवा, रोजच्या वापरात आणा, तांदूळ भरा. दुसरा मुलीला किंवा पुतणीला द्या, असेल तर. उरलेल्यांवरच्या नावांचे फोटो काढून घ्या, अक्षरांवर तिरका उजेड पडेल असे. आणि जाहिरातीत नावाचा उल्लेख करा, झाकू नका: ‘डब्यांवर जुन्या मालकीणबाईंचं नाव व सन घातलेलं आहे.’ ज्याला ते नको असेल तो येणार नाही, आणि ज्याला हवं असेल तो किलोचा भाव विचारणार नाही.

सुटे डबे टाकू नका, उतरत्या मापाचा संच एकत्र मांडून एकच फोटो काढा. तुमच्या फोटोत सहा डब्यांना झाकणं आहेत, सातव्याला नाही. ते बहुधा ट्रंकेत किंवा देवघरात ताटली म्हणून वापरात असेल, आमच्याकडे तसंच सापडलं होतं. आधी ते शोधा.